१ ते १०० ची बेरीज अन् पाटणचा शिलालेख. भास्कराचार्यांचं खान्देशाशी नातं काय?

पारोळ्यात तलाठी किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा, १ ते १०० ची बेरीज किती? ५०५०, उत्तर लगेच येईल. सूत्र कुणाचं म्हटलं की नाव निघतं ते जर्मन गणिती गॉसचं. गॉसचा जन्म १७७७ चा. त्याच्या सहाशे वर्षं आधी हे सूत्र 'लीलावती'त लिहिलेलं होतं. आणि ती लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ निघाला तो आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला.

कोण होते भास्कराचार्य?

जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी 'सिद्धांत शिरोमणी' पूर्ण केला. 'लीलावती' हा त्याचाच भाग. ६९ व्या वर्षी 'करणकुतूहल' लिहिलं. लीलावती ही त्यांची मुलगी, तिचं लग्न मोडलं वगैरे गोष्ट आपण ऐकतो. ती येते १५८७ च्या फैजीच्या फारसी भाषांतरातून.

सूत्र नेमकं काय?

शेवटच्या संख्येत १ मिळवा, निम्मे करा, पुन्हा त्या संख्येने गुणा. १ ते ९ साठी १० चे निम्मे ५, गुणिले ९, झाले ४५. याला ते 'संकलित' म्हणतात.

हा शोध मात्र त्यांचा नाही. ४९९ मध्ये आर्यभटांनीही अशा बेरजेची रीत दिली होती. (त्यामुळे 'भास्कराचार्यांनी शोधलं' असा फॉरवर्ड आला तर पुढे पाठवू नका.) भास्कराचार्य पुढे बेरजांची बेरीजही देतात: १, ३, ६, १० असं ४५ पर्यंत. रीत अशी की ९ मध्ये २ मिळवून ११, त्याने ४५ ला गुणा, ३ ने भागा. उत्तर १६५. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी ही सूत्रं वापरली, 'लीलावती'चं नाव वर्गात एकदाही ऐकलं नाही.

त्यांची उदाहरणंही भारी आहेत. शत्रूचे हत्ती पकडायला निघालेला राजा पहिल्या दिवशी २ योजनं चालतो, रोज सारखी वाढ करत ७ दिवसांत ८० योजनं गाठतो. रोजची वाढ किती? उत्तर २२/७ योजनं.

मग पाटणचं काय?

आपलं गाव त्यांनी सह्याद्रीजवळचं विज्जडविड असं सांगितलंय. ते म्हणजे विजापूर, असं काही अभ्यासक मानतात. काही जण पाटण म्हणतात. पाटणच्या बाजूने मोठा पुरावा म्हणजे तिथला शिलालेख, जो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने याच गावातून नेलं, असं त्यात आहे. पण तेवढ्यावरून भास्कराचार्यांचा जन्म इथलाच, हे सिद्ध होत नाही.

मठाबद्दल मात्र वाद नाही. नातू चंगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तो काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७ मध्ये त्याला दान दिलं. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे आणि त्यात मठाचा खर्च कसा भागवायचा तेही नोंदवलंय: पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावरचा कर, आणि चालत्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल.