एक पाय दिला, एक राखला
(कवी विल्यम अर्नेस्ट हेन्ली यांची जीवनकथा)

गणपतीचे दहा दिवस म्हणजे आपल्या मंडळात भेटीगाठींचे दिवस. आरती झाली, प्रसाद हातावर पडला, की खुर्च्या ओढून गप्पा सुरू होतात. पन्नाशी ओलांडलेल्यांच्या गप्पा मुलांच्या नोकऱ्या, नातवंडांच्या शाळा असे करत शेवटी तब्येतीवर येऊन थांबतात. कुणाच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरते आहे, कुणाच्या मधुमेहामुळे अंगठ्याची जखम भरत नाही. एक डॉक्टर कापा म्हणतात, दुसरे थोडे थांबा म्हणतात. संमतीपत्रावर सही करण्याच्या आदली रात्र कशी असते, हे आपल्यापैकी अनेक घरांना ठाऊक आहे.

अशा गप्पांत आम्हाला नेहमी एक माणूस आठवतो. तो आपल्याकडचा नव्हे, इंग्रज होता, आणि त्याला जाऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. त्याची ‘इन्व्हिक्टस’ ही छोटी कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळा-कॉलेजात वाचली असेल. रॉबेन बेटावरच्या तुरुंगात नेल्सन मंडेला ती आपल्या सोबत्यांना म्हणून दाखवत. कविता जगभर गेली, पण ती लिहिणारा विल्यम अर्नेस्ट हेन्ली त्या वेळी रुग्णालयाच्या खाटेवर होता, त्याचा एक पाय आधीच गेला होता आणि दुसरा वाचवण्यासाठी त्याने दीड-पावणेदोन वर्षे पणाला लावली होती, हे फारसे कुणी सांगत नाही. म्हणून यंदा त्याची गोष्ट सांगायचे आम्ही ठरवले.

हेन्लीचा जन्म २३ ऑगस्ट १८४९ रोजी इंग्लंडमधील ग्लॉस्टर या गावी झाला. वडिलांचे पुस्तकांचे आणि कागद-दौतीचे दुकान होते. दुकान कसेबसे चाले. सहा भावंडांत विल्यम थोरला. गावातल्या क्रिप्ट शाळेत तो शिकला. तिथे काही काळ टी. ई. ब्राउन हे मुख्याध्यापक होते. ते स्वतः कवी होते. या हुशार पण गरीब मुलाला त्यांनी पुस्तके दिली आणि माया लावली. ती माया हेन्ली जन्मभर विसरला नाही.

बारा वर्षांचा असताना त्याला हाडांच्या क्षयाने गाठले. क्षय म्हटले की आपल्याला खोकला आणि छाती आठवते. पण हा रोग हाडांत आणि सांध्यांतही शिरतो. सांधा सुजतो, आत पू होतो, तो बाहेर फुटतो आणि महिनोन् महिने वाहत राहतो, आत हाड झिजत जाते. त्या काळी या रोगाचे कारणच कुणाला माहीत नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला तो १८८२ साली. औषध मिळायला तर १९४० चे दशक उजाडावे लागले. स्ट्रेप्टोमायसिन हे ते औषध. देवासला अंथरुणाला खिळलेले कुमार गंधर्व ज्या औषधामुळे पुन्हा गाऊ लागले, तेच हे. हेन्लीच्या लहानपणी यातले काहीच नव्हते. चांगले अन्न, विश्रांती, समुद्राची हवा, आणि यांपैकी काहीच लागू पडले नाही तर सुरी, एवढेच उपाय होते.

विशी गाठण्याआधीच त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. १८६८ साली वडील वारले आणि मागे कर्ज ठेवून गेले. थोरल्या मुलाने घराला हातभार लावावा असे दिवस आले, तेव्हा तो मुलगा कुबडी घेऊन उभे राहायला शिकत होता. तरी तो लंडनला गेला, वर्तमानपत्रांसाठी लिहू लागला, मध्ये मध्ये रुग्णालयात भरती होऊ लागला. काही काळ मार्गेट या समुद्रकाठच्या गावी उपचार झाले. पण रोगाने आता उजवे पाऊल धरले होते, आणि तेही कापावे लागेल असे डॉक्टरांचे मत पडले.

इथे त्या डॉक्टरांना दगड मनाचे म्हणणे आम्हाला योग्य वाटत नाही. त्यांचा हिशेब त्यांच्या काळाला धरून होता. किडलेला सांधा उघडून आतला खराब भाग काढावा, तर जखम सडत असे, विष रक्तात भिनत असे आणि रोगी दगावत असे. त्यापेक्षा रोगाच्या वर, चांगल्या हाडावर एकदाच कापणे बरे, असा तो विचार होता. अर्थात कापण्यातही जिवाची शाश्वती नव्हती. ग्लासगोमधल्या एका वॉर्डातले आकडे आज उपलब्ध आहेत. १८६४ आणि १८६६ या दोन वर्षांत तिथे हातपाय कापण्याच्या ३५ शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतले १६ रोगी मरण पावले. त्याच वॉर्डात १८६७ ते १८६९ या काळात अशा ४० शस्त्रक्रिया झाल्या आणि मृत्यू झाले ६.

हा फरक ज्यांनी घडवला ते डॉ. जोसेफ लिस्टर. जखम आपोआप सडत नाही, बाहेरून आलेले सूक्ष्म जीव ती सडवतात, हा लुई पाश्चर यांच्या संशोधनावरून त्यांनी काढलेला अर्थ. १८६५ पासून ते जखमेवर कार्बोलिक ॲसिड वापरू लागले. हात, हत्यारे, पट्ट्या, सगळे त्यात धुवून घेऊ लागले. १८६९ मध्ये ते एडिंबरा येथे प्राध्यापक झाले. पण लंडनचे अनेक नामवंत शल्यविशारद अजून त्यांच्या पद्धतीवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. आज ज्यांचे नाव आपण आदराने घेतो, ते लिस्टर त्या वेळी वादातले डॉक्टर होते.

हेन्लीसमोर दोन वाटा होत्या. एक वाट सरळ होती. पाऊल द्यायचे, काही आठवड्यांत मोकळे व्हायचे आणि पुढचे आयुष्य दोन्ही पायांवाचून काढायचे. दुसऱ्या वाटेची खात्री कुणीच देत नव्हते. शेकडो मैल दूर अनोळखी शहरात जायचे, एकाहून अधिक वेळा सुरीखाली जायचे, किती महिने लागतील ते विचारायचे नाही, आणि एवढे करून पाय गेलाच तर कुणाला दोष द्यायचा नाही. खिशात पैसे नव्हते. ऑगस्ट १८७३ मध्ये, चोवीस वर्षांचा हेन्ली एडिंबराच्या रॉयल इन्फर्मरीत दाखल झाला.

तिथे त्याने वीस महिने काढले. क्लोरोफॉर्मची भूल देऊन डॉ. लिस्टर यांनी त्याच्या पायावर अनेकदा शस्त्रक्रिया केली, आणि किडलेले हाड थोडे थोडे करून काढले. प्रत्येक खेपेनंतर पट्टी, वेदना आणि वाट पाहणे. हाड भरते आहे की आत पुन्हा पू धरतो आहे, हे कळायला आठवडे जात. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचा कुणी बरा होऊन घरी जाई, कुणी चादर ओढून बाहेर नेला जाई.

या वीस महिन्यांत हेन्लीने काय केले, हे आम्हाला त्याच्या कवितेइतकेच मोलाचे वाटते. तो पुस्तके मागवून फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश या भाषा शिकला. आजूबाजूला डोळे उघडे ठेवून पाहिले. परिचारिका, शिकाऊ डॉक्टर, अपघातात सापडलेले मजूर, खेळणारी आजारी मुले, आणि शांतपणे वॉर्डातून फिरणारे लिस्टर, या सगळ्यांवर त्याने कविता लिहिल्या. त्या काळच्या कवितेत रुग्णालयाचा वास, ऑपरेशनची भीती, भूल चढतानाची घालमेल असे विषय कुणी आणत नसे. ‘कॉर्नहिल’ मासिकाने १८७५ मध्ये त्यांतल्या काही छापल्या. ‘इन्व्हिक्टस’ही त्याच वर्षी लिहिली गेली. ती पुस्तकात आली १८८८ साली, तीही शीर्षकाविना. हे लॅटिन नाव तिला १९०० च्या एका संग्रहात संपादकांनी दिले.

‘कॉर्नहिल’चे संपादक लेस्ली स्टीफन फेब्रुवारी १८७५ मध्ये एडिंबराला आले असता या खाटेवरच्या कवीला भेटायला गेले, आणि जाताना गावातल्या एका तरुण लेखकाला सोबत घेऊन गेले. तो रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. हेन्ली पंचवीस वर्षांचा, स्टीव्हन्सन चोवीसचा. स्टीव्हन्सनही छातीच्या दुखण्याने बेजार असलेला. दोघांचे लगेच जमले. हेन्लीला खाटेवरून उठून बसता यावे म्हणून स्टीव्हन्सनने घरची आरामखुर्ची रस्त्यातून स्वतः वाहून रुग्णालयात नेली, असे सांगतात. याच रुग्णालयात हेन्लीला ॲना बॉयल भेटली. तिचा भाऊ तिथेच उपचार घेत होता. पुढे १८७८ मध्ये तिच्याशी त्याचे लग्न झाले.

एप्रिल १८७५ मध्ये हेन्ली रुग्णालयातून बाहेर पडला, तेव्हा उजवे पाऊल शाबूत होते.

त्या पावलावर तो आणखी अठ्ठावीस वर्षे चालला. डाव्या बाजूला लाकडी पाय, हातात कुबडी, लालसर दाढी, आडवा बांधा आणि मोठे हसणे. स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’मधला एका पायाचा लाँग जॉन सिल्व्हर आपण लहानपणी भीतभीत वाचला. त्याचा दरारा आणि जोम हेन्लीवरून घेतल्याचे स्टीव्हन्सनने त्याला स्वतः कळवले होते. दोघांनी मिळून चार नाटकेही लिहिली. पुढे १८८८ मध्ये त्यांच्यात एक कडवट भांडण झाले आणि मैत्री तुटली ती कायमची.

संपादक म्हणून हेन्लीचे काम मोठे होते. चित्रकलेच्या मासिकातून त्याने शिल्पकार रोदँची बाजू घेतली, आणि रोदँने त्याचा अर्धपुतळा घडवला. आपल्या मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगची सैनिकगीते १८९० मध्ये त्यानेच छापली. एच. जी. वेल्सची ‘टाइम मशीन’ १८९५ मध्ये त्याच्याच मासिकातून क्रमशः आली. बोलीभाषेतल्या शब्दांचा सात खंडांचा कोश त्याने एका सहकाऱ्यासह केला.

पण त्याला देव्हाऱ्यात बसवण्याचा आमचा विचार नाही. तो तापट होता, टीका करताना समोरच्याची गय करत नसे. साम्राज्याचा अभिमान मिरवणाऱ्या त्याच्या कविता आपल्याला पटण्याचे काही कारण नाही. आणि धैर्याची कविता लिहिली म्हणून दुःखाने त्याला सोडले असेही नाही. त्याची एकुलती एक मुलगी मार्गारेट १८९४ मध्ये मेंदूच्या आवरणाच्या दाहाने पाचव्या वर्षी गेली. लेखक जे. एम. बॅरी यांना ती लाडाने मित्र म्हणायला जाई आणि बोबड्या उच्चारात त्या इंग्रजी शब्दाचे ‘वेंडी’सारखे काहीतरी होई. ‘पीटर पॅन’मधल्या वेंडीचे नाव तिथून आले. मुलगी गेल्यानंतर हेन्ली पूर्वीसारखा राहिला नाही.

रोगही गेलेला नव्हता, फक्त दबला होता. १९०२ मध्ये तो आगगाडीच्या डब्यातून पडला. त्या धक्क्याने जुना क्षय पुन्हा उसळला, आणि ११ जुलै १९०३ रोजी वोकिंग येथे त्रेपन्नाव्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याच्या अस्थी मुलीच्या थडग्यात ठेवण्यात आल्या.

‘इन्व्हिक्टस’ वाचून पुष्कळांना वाटते की हा एकट्याच्या जिद्दीचा विजय होता. त्याचे आयुष्य पाहिले की आम्हाला वेगळे दिसते. पहिल्या वेळी पाय देणे भाग होते, तेव्हा त्याने तो दिला. त्यात हार नव्हती, त्यामुळे जीव राहिला. दुसऱ्या वेळी तो डॉक्टरांवर रागावून घरी बसला नाही, की अंगारे-धुपारे करत राहिला नाही. ज्याला त्याच दुखण्याचा अधिक अनुभव होता असा दुसरा डॉक्टर त्याने शोधला आणि मग स्वतःला पूर्णपणे त्याच्या हाती सोपवले. प्रश्न विचारणे आणि विश्वास ठेवणे, दोन्ही त्याने केले. स्वतःची जिद्द, लिस्टर यांचे कार्बोलिक, परिचारिकांची रात्रपाळी आणि मित्राने वाहून आणलेली खुर्ची, या सगळ्यांनी मिळून तो पाय वाचला.

आपल्या बाप्पाला आपण एकदंत म्हणतो. मूर्तिकार तो मोडका दात लपवत नाही, आणि आपणही त्याच मूर्तीसमोर हात जोडतो. या दहा दिवसांत मंडपात कुणी काठी टेकत आले, कुणी उद्याच्या ऑपरेशनची चिंता मनात घेऊन आरतीला उभे राहिले, तर त्यांना सल्ले देण्याची घाई आपण करू नये. त्यांच्यासाठी एक खुर्ची मात्र अवश्य उचलून आणावी.