पावो नुर्मी : घड्याळ हातात घेऊन धावलेला माणूस

धावणे शिकावे लागते असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याला हसू येते. चालता येऊ लागले की मूल धावतेच. त्यासाठी ना गुरू लागतो, ना ग्रंथ. पण अंतर वाढत गेले, शंभर मीटरचे पाच किलोमीटर झाले आणि पाचाचे एकवीस, की धावणे ही एक विद्या होऊन बसते. गेली दोन वर्षे मी अर्धमॅरेथॉनचा, म्हणजे २१ किलोमीटर ९७ मीटर अंतराचा, अभ्यास करतो आहे. 'अभ्यास' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. पहिल्या शर्यतीत मला २ तास २१ मिनिटे लागली. गेल्या हिवाळ्यात तेच अंतर मी २ तास ६ मिनिटांत कापले. हे आकडे कोणाचे डोळे दिपवणारे नाहीत. आमच्या मैदानावर माझ्यापेक्षा वेगाने धावणारे डझनभर मित्र आहेत. पण ही पंधरा मिनिटे कमी करताना ज्या माणसाचे चरित्र मला सर्वांत उपयोगी पडले, तो १९७३ सालीच हे जग सोडून गेला. त्याचे नाव पावो नुर्मी.

नुर्मीचा जन्म १३ जून १८९७ रोजी फिनलंडमधील तुर्कू ह्या बंदराच्या गावी झाला. तेव्हा फिनलंड स्वतंत्र नव्हता. तो रशियाच्या झारच्या अंमलाखाली होता. वडील सुतारकाम करीत. १९१० साली ते वारले आणि घराची सगळी घडी विस्कटली. घर ते केवढे! त्यातले स्वयंपाकघर दुसऱ्या कुटुंबाला भाड्याने देऊन नुर्मी मंडळी एका खोलीत राहू लागली. पावो भावंडांत थोरला. शाळेत हुशार असूनही त्याला शाळा सोडावी लागली आणि तो एका बेकरीत पोऱ्या म्हणून कामाला लागला. तुर्कूच्या चढणीच्या रस्त्यांवरून मालाने भरलेली हातगाडी ढकलणे हे त्याचे काम. पुढे त्याच्या पायांतील आणि पाठीतील बळाचे श्रेय ह्याच हातगाडीला दिले गेले. व्यायामशाळा नावाची चीज त्याने फार उशिरा पाहिली असावी; गरिबीने मात्र त्याला आधीच व्यायामाला जुंपले होते.

धावण्याची आवड त्याआधीचीच. अकराव्या वर्षी तो १,५०० मीटर ५ मिनिटे २ सेकंदांत धावत असे. पण आवडीचे व्रत झाले ते १९१२ साली. त्या वर्षी स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये हान्नेस कोलेहमाइनेन ह्या फिनिश धावपटूने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि रानवाटांची शर्यत अशा तिन्हींत सुवर्णपदके मिळवली. स्वतःचे राज्य नसलेल्या एका लहानशा देशाचे नाव त्याने साऱ्या जगाच्या तोंडी नेले. पंधरा वर्षांच्या पावोने काही दिवसांतच धावण्याचे बूट विकत घेतले. ज्या घरात एकेक नाणे मोजून खर्च होत होते, त्या घरात हे बूट येणे ही किती मोठी गोष्ट असेल, ह्याची कल्पना आपल्यापैकी अनेकांना सहज करता येईल.

उन्हाळ्यात रानावनांतून धावायचे, हिवाळ्यात बर्फावर स्की करायचे, असा त्याचा क्रम सुरू झाला. १९१४ साली तो तुर्कूच्या क्रीडासंघात दाखल झाला आणि ३,००० मीटरची आपली पहिली शर्यत जिंकला. दोन वर्षांनी त्याने सरावात चालणे, छोट्या अंतराच्या वेगवान धावा आणि अंगकसरत ह्यांची भर घातली. १९१९ साली तो सैन्यात भरती झाला. तिथल्या संचलनाच्या स्पर्धेत खांद्यावर बंदूक आणि पाठीवर वाळूची पिशवी घेऊन इतर जवान चालत होते. नुर्मी ते सारे अंतर धावत गेला. तो इतक्या लवकर पोहोचला की ह्याने जवळची वाट धरली असावी, असा काहींना संशय आला.

१९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये तो प्रथम उतरला. ५,००० मीटरमध्ये फ्रान्सच्या जोसेफ गियमोने त्याला मागे टाकले. तीन दिवसांनी १०,००० मीटरमध्ये नुर्मीने त्याची परतफेड केली, आणि रानवाटांच्या शर्यतीतही वैयक्तिक व सांघिक सुवर्णपदके मिळवली. ह्याच अँटवर्पमध्ये आपल्याकडील एक धावपटूही होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या आणि सर दोराबजी टाटांच्या प्रयत्नांमुळे भारताचा जो छोटा संघ तिथे गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते १९ वे आले. ती मॅरेथॉन जिंकली कोणी? नुर्मीचे दैवत असलेल्या कोलेहमाइनेनने! ज्याला पाहून नुर्मी धावू लागला, त्याच्याबरोबर एकाच शर्यतीत आपला बेळगावचा माणूस धावला होता.

गियमोविरुद्धची हार नुर्मीच्या मनाला लागली. ऑलिंपिकमध्ये फिनलंडबाहेरच्या धावपटूकडून झालेली ती त्याची एकमेव हार. पण चिडून अधिक जोर लावण्याऐवजी तो विचार करू लागला, आणि इथेच त्याच्या चरित्रातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग सुरू होतो. शर्यतीच्या आरंभी उसळून धावावे, मग दमावे आणि शेवटी पुन्हा जीव एकवटावा, अशी त्या काळची रीत. नुर्मीने हातात घड्याळ घेतले. प्रत्येक फेरीला किती सेकंद लागावेत हे तो आधीच ठरवी आणि धावता धावता घड्याळाकडे पाहून ते पाळी. बाकीचे पुढे गेले तर जाऊ देई. त्यांचे पाय जड होऊ लागत, तेव्हा ह्याची गती तशीच असे आणि एकेक जण मागे पडे. शर्यतीचा निकाल नजरेत आला की ते घड्याळ तो कडेच्या हिरवळीवर टाकून देई. प्रतिस्पर्धी एकमेकांशी झुंजत आणि हा मात्र आपल्या हिशेबाशी इमान राखी.

ह्या हिशेबाचे फळ मोठे होते. १९२१ साली त्याने १०,००० मीटरचा विश्वविक्रम ३० मिनिटे ४०.२ सेकंदांवर आणला. १९२३ पर्यंत एक मैल, ५,००० आणि १०,००० मीटर हे तिन्ही विश्वविक्रम एकाच वेळी त्याच्या नावावर होते. त्याच काळात शिष्यवृत्ती मिळवून तो हेलसिंकीला तंत्रशिक्षणही घेत होता आणि ते त्याने पुरे केले. म्हणजे परीक्षा आणि मैदान ही दोन्ही ओझी त्याने एकाच खांद्यावर वाहिली.

१९२४ हे त्याच्या आयुष्यातील वैभवाचे वर्ष. पॅरिस ऑलिंपिकच्या वेळापत्रकात १,५०० आणि ५,००० मीटरच्या अंतिम शर्यती एकाच दिवशी होत्या. हे जमेल का, हे पाहण्यासाठी त्याने १९ जूनला हेलसिंकीत रंगीत तालीमच केली. तासाभराच्या अवधीत १,५०० मीटर ३ मिनिटे ५२.६ सेकंदांत आणि ५,००० मीटर १४ मिनिटे २८.२ सेकंदांत, दोन्ही विश्वविक्रम! दुसऱ्या धावेत दर ४०० मीटरला सरासरी साडेएकोणसत्तर सेकंद पडले. १० जुलैला पॅरिसमध्ये त्याने दोन्ही सुवर्णपदके जिंकली. १२ जुलैला भयंकर उन्हात रानवाटांची शर्यत झाली. ३८ जण निघाले आणि १५ जण पोहोचले. बाकीचे वाटेत कोसळले किंवा थांबले. नुर्मी पहिला आला आणि जणू काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने निघून गेला. सांघिक पदके धरून त्या एका ऑलिंपिकमध्ये त्याला पाच सुवर्णपदके मिळाली. १०,००० मीटरसाठी त्याच्या देशाच्या अधिकाऱ्यांनी त्याचे नावच दिले नव्हते.

इथे क्षणभर थांबून नवशिक्याच्या दृष्टीने पाहू या. नुर्मीचे पाय आपल्याला मिळणार नाहीत, पण त्याचे घड्याळ मिळू शकते. सुरुवातीलाच श्वासाच्या आवाक्याबाहेर धावले की स्नायूंमध्ये साठलेली साखर झपाट्याने खर्च होते, आणि पंधराव्या किलोमीटरनंतर शरीर हात वर करते. म्हणून मी नुर्मीची रीत माझ्या बेताची करून घेतली. आठवड्यातून तीन दिवस इतके सावकाश धावायचे की सोबत्याशी सलग बोलता यावे. एक दिवस महाविद्यालयाच्या मैदानावर ४०० मीटरच्या फेऱ्या, प्रत्येक फेरी २ मिनिटे २४ सेकंदांत. न कमी, न जास्त. रविवारी लांबचा पल्ला, दहा किलोमीटरपासून वाढवत अठरापर्यंत. आणि प्रत्येक दिवसाची नोंद वहीत. नुर्मीने स्वतःच्या आरंभीच्या सरावाबद्दल पुढे असे मत दिले की तो फार एकसुरी होता, त्यात वेगाचा अंश कमी होता. म्हणून सावकाश धावेच्या शेवटी शंभर मीटरच्या चार-पाच वेगवान धावाही मी घेतो. ह्यात चमत्कार कुठेच नाही. वही मात्र खोटे बोलत नाही, आणि महिन्यामहिन्याने तिच्यातले आकडे उतरू लागतात.

नुर्मीच्या काळी अर्धमॅरेथॉनला आजच्यासारखे महत्त्व नव्हते. पण १९२८ साली बर्लिनला तो एका तासात १९,२१० मीटर धावला. हा विक्रम १९४५ पर्यंत टिकला. १९३० साली स्टॉकहोमला त्याने २० किलोमीटर १ तास ४ मिनिटे ३८.४ सेकंदांत कापले. त्याच गतीने अर्धमॅरेथॉनचे उरलेले अंतर धावला असता, तर त्याला सुमारे १ तास ८ मिनिटे लागली असती, असे माझे गणित सांगते. आणि तेही कोळशाच्या भुकटीच्या धावपट्टीवर, साध्या चामडी बुटांनी.

तो अबोल होता. विजयानंतर हसणे, हात हलवणे त्याला जमत नसे. परंतु १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमधील एक प्रसंग त्याचे अंतरंग दाखवतो. अडथळ्यांच्या शर्यतीच्या प्राथमिक फेरीत तो पाण्याच्या खड्ड्यात पडला. ल्युसियाँ द्युकेन हा फ्रेंच धावपटू थांबला आणि त्याने त्याला हात दिला. नुर्मीने मग त्याला सोबत घेऊन सगळ्यांना गाठले, मागे टाकले आणि शेवटी पहिला क्रमांक त्याला देऊ केला. द्युकेनने तो नम्रपणे नाकारला. त्या ऑलिंपिकमध्ये नुर्मीने १०,००० मीटरचे सुवर्ण आणि दोन रौप्यपदके मिळवली. एकूण नऊ सुवर्ण आणि तीन रौप्य, ही त्याची ऑलिंपिकमधील कमाई.

मॅरेथॉन जिंकून निवृत्त व्हावे ही त्याची शेवटची इच्छा. १९३२ साली वीपुरीच्या निवड-शर्यतीत तो ४०.२ किलोमीटर २ तास २२ मिनिटे ३.८ सेकंदांत धावला. पण शर्यतींच्या प्रवासखर्चापोटी अधिक पैसे घेतल्याचा ठपका ठेवून, लॉस एंजेलिसच्या स्पर्धेच्या तोंडावर आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला बाद ठरवले. ज्याने बालपणी हातगाडी ढकलून घर चालवले, त्याला पैशाच्या नावाखाली मैदानाबाहेर काढले गेले. ही सल त्याच्या मनातून कधी गेली नाही. पुढे तो कापडाचा दुकानदार झाला, इमारतींचा बांधकाम-व्यावसायिक झाला, धनवान झाला. १९५२ साली हेलसिंकीत ऑलिंपिक भरले, तेव्हा पावसाळी हवेत मशाल घेऊन जो माणूस मैदानात धावत आला, तो ५५ वर्षांचा नुर्मी होता. त्याला पाहताच परदेशी खेळाडू रांगा मोडून धावले. मैदानावरची ज्योत त्याने पेटवली आणि मनोऱ्यावरची ज्योत पेटवायला उभा होता वृद्ध कोलेहमाइनेन.

चरित्र इथे संपले असते तर ते गोड झाले असते. पण उतारवयात नुर्मीला हृदयविकाराने आणि पक्षाघाताने गाठले. ज्याच्या हृदयावर आणि पायांवर जग भाळले होते, त्याला चालणे अवघड झाले. ह्या काळात आपल्या धावण्याविषयीच त्याच्या मनात संशय उभा राहिला. विज्ञान, वैद्यक, कला ह्यांच्यापुढे आपले विक्रम त्याला क्षुल्लक वाटू लागले. १९६८ साली हृदयरोगाच्या संशोधनासाठी त्याने आपल्या संपत्तीतून प्रतिष्ठान स्थापन केले. २ ऑक्टोबर १९७३ रोजी तो वारला. राष्ट्राने शासकीय इतमामात त्याला निरोप दिला आणि त्याचा देह तुर्कूच्या मातीत विसावला.

नुर्मीचा हा संशय मला परका नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्याला तो रोज भेटतो. कविता वाचून काय मिळणार, इतिहास शिकून पोट भरते का, आणि पहाटे पाचला उठून धावल्याने कोणाचे भले होते, हे प्रश्न घरी, दारी, कट्ट्यावर ऐकू येतात. ज्याने आयुष्यभर धावून सगळे मिळवले, तोच शेवटी त्याला कमी लेखतो, तेव्हा आपण काय म्हणावे? मी एवढेच म्हणेन की ह्या एका बाबतीत नुर्मीचे मत मला पटत नाही. हृदयरोगावरच्या संशोधनाला त्याने दिलेले धन त्याच्या नावामुळे उभे राहिले आणि ते नाव त्याच्या पायांनी मिळवले होते. शिवाय, शक्ती थोडी असली तरी ती नीट वाटून घेतली की लांबचा पल्ला गाठता येतो, हे त्याने हातात घड्याळ धरून सिद्ध केले. बेकरीतल्या पोऱ्याला उमगलेली ही गोष्ट ज्ञानच होती. कोणत्याही प्रयोगशाळेतल्या ज्ञानापुढे तिने मान खाली घालण्याचे कारण नाही.