पैशाचे राखणदार : वर्ध्याचे जमनालालजी

पांढुर्णा-सौंसर अन् वर्धा आज दोन राज्यांत आहेत. इंग्रजांच्या काळात मात्र हा सगळा मुलूख एकाच मध्य प्रांतात होता. त्याच प्रांतात सेठ जमनालाल बजाज यांनी आयुष्य वेचलं.

जन्म 4 नोव्हेंबर 1889 चा, राजस्थानात सीकरजवळचा. लहानपणीच ते वर्ध्याच्या सेठ बच्छराज यांच्या घराण्यात दत्तक आले. सतराव्या वर्षी एका लग्नाला दागिने घालून जायला त्यांनी नकार दिला. सेठजी रागावले. पोरानं संपत्तीवरचा हक्क लिहून सोडला अन् घराबाहेर पडला. समजूत घालून परत आणावं लागलं. पैसा आपला नाही, आपण फक्त राखणदार, ही गाठ तेव्हाच पक्की बसली.

धंदा वाढवला, पण 1921 मध्ये रायबहादूर किताब परत केला. 1923 च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात तुरुंगात गेले. पत्नी जानकीदेवींनीही दागिने सोडले, खादी धरली.

देवावर श्रद्धा होती, म्हणूनच 1928 मध्ये घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी उघडलं. सनातनी मंडळी बिथरली, ते मागे हटले नाहीत.

गांधीजी त्यांना पाचवा मुलगा मानायचे. सेवाग्राम आश्रम त्यांच्याच जमिनीवर उभा राहिला. शेवटच्या दिवसांत त्यांनी गोसेवेचं काम अंगावर घेतलं. 11 फेब्रुवारी 1942 ला वर्ध्यातच प्राण गेला. वय अवघं 52. पोरंबाळं मागे राहिली, अन् जानकीदेवींनी गोसेवेचं काम पुढे नेलं.