हॅरी रिकार्डो

सर हॅरी राल्फ रिकार्डो (२६ जानेवारी, १८८५ – १८ मे, १९७४) हे अंतर्ज्वलन इंजिनांवर संशोधन करणारे इंग्लिश अभियंता होते. इंधनाची प्रत मोजण्याची पद्धत, मोटारींसाठीचे सुधारित सिलिंडर हेड, डीझेल इंजिनातील भोवरा-कक्ष आणि विमानाच्या इंजिनातील स्लीव्ह झडप या कामांसाठी ते ओळखले जातात. ठरावीक आकाराच्या सिलिंडरातून मिळणाऱ्या शक्तीला मर्यादा कशामुळे पडते, हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य प्रश्न होता. पेट्रोल इंजिनापुरते त्याचे उत्तर शोधताना त्यांना पुन्हा पुन्हा एका लहानशा भागाशी झगडावे लागले. तो भाग म्हणजे जळालेले वायू बाहेर सोडणारी, तापून लालबुंद होणारी निष्कास झडप.

जन्म व शिक्षण

रिकार्डो यांचा जन्म लंडनमधील बेडफर्ड स्क्वेअर येथे झाला. वडील हॅल्सी रिकार्डो हे वास्तुविशारद होते. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो हे याच घराण्यातले. आईचे वडील सर अलेक्झांडर रेंडेल हे नामवंत स्थापत्य अभियंता असून भारतातील रेल्वेमार्ग व पुलांच्या कामांशी त्यांचा निकटचा संबंध होता. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तेथील सिंधू नदीवरचा सक्करचा लान्सडाउन पूल त्यांच्याच आराखड्यानुसार उभा राहिला. नातवाने आजोबांचीच वाट धरावी, अशी घरातील अपेक्षा होती.

रग्बी येथील शाळेनंतर १९०३ मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाले. तेथे मोटार क्लबाने एक स्पर्धा ठेवली होती. सव्वा लिटरहूनही थोड्या कमी पेट्रोलमध्ये जो सर्वाधिक अंतर जाईल, तो विजेता. रिकार्डो यांनी स्वतः बनवलेल्या एका सिलिंडरच्या मोटारसायकलवर सुमारे ४० मैल जाऊन ती जिंकली. यामुळे प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले आणि त्यांना इंजिन संशोधनाची वाट मिळाली. इंजिन घडवण्याआधी सिलिंडरात प्रत्यक्ष काय घडते ते मोजावे, ही शिस्त त्यांना हॉपकिन्सन यांच्याकडून लाभली. पदवीनंतर काही वर्षे त्यांनी आजोबांच्या पेढीत नोकरी केली. १९११ मध्ये त्यांचा विवाह बिआट्रिस हेल यांच्याशी झाला. त्यांना तीन मुली झाल्या.

रणगाड्याचे इंजिन

पहिल्या महायुद्धातील सुरुवातीच्या ब्रिटिश रणगाड्यांत डेमलर कंपनीचे १०५ अश्वशक्तीचे इंजिन असे. त्याच्या झडपा नेहमीच्या पद्धतीच्या नसून नाइट पद्धतीच्या सरकत्या नळ्या होत्या. या नळ्यांना तेल भरपूर लागे. त्यामुळे निळसर धुराचे लोट उठत आणि शत्रूला रणगाडा नेमका कोठे आहे ते कळे. आत बसलेल्या सैनिकांच्या दृष्टीने हा जीवनमरणाचा प्रश्न होता. रिकार्डो यांनी १९१७ पर्यंत १५० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरांचे नवे इंजिन सिद्ध केले आणि त्यात तेल पिस्टनच्या वर चढू नये अशी रचना केली. ‘मार्क ५’ रणगाड्यांत ते बसवण्यात आले. सरकत्या नळ्यांच्या इंजिनाला पर्याय देणारा हाच अभियंता पुढे सरकत्या नळीचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता ठरला, हे लक्षणीय आहे.

इंधन व ठोके

१९१९ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील शोरहॅम येथे त्यांनी आपली प्रयोगशाळा उभारली. संपीडन गुणोत्तर वाढवले की इंजिनाची कार्यक्षमता वाढते, हे माहीत होते; परंतु एका मर्यादेनंतर इंजिन ठोके देऊ लागे आणि पिस्टनला इजा होई. ठिणगीमुळे पेटलेल्या ज्वालेच्या पुढे जे मिश्रण शिल्लक राहते ते दाबाने व उष्णतेने एकदम स्वतःहून पेटते, हे या ठोक्यांचे कारण होय. रिकार्डो यांनी चालू स्थितीत संपीडन गुणोत्तर बदलता येईल असे एक सिलिंडरचे चाचणी इंजिन बनवले. हेन्री टिझर्ड व डेव्हिड पाय यांच्या साहाय्याने आणि शेल कंपनीच्या पाठबळाने त्यांनी निरनिराळी इंधने त्यावर पारखली. ठोक्यांना न जुमानणाऱ्या टोल्यूइनशी तुलना करून त्यांनी इंधनांना क्रमांक दिले. पुढे अमेरिकेत रूढ झालेल्या ऑक्टेन क्रमांकामागे हीच कल्पना होती.

या चाचण्यांतून दहनकक्षाचा आकार आणि झडपांची जागा यांचे महत्त्व स्पष्ट झाले. त्या काळी स्वस्त मोटारींत झडपा सिलिंडरच्या बाजूला असत. रिकार्डो यांनी अशा इंजिनांसाठी नवे हेड आखले. त्यात पिस्टनच्या वर अगदी अरुंद फट ठेवून बहुतेक मिश्रण झडपांवरील कक्षात ढकलले जाई. त्यामुळे मिश्रणात खळबळ माजून ते झपाट्याने जळे आणि शेवटी उरणारे मिश्रण त्या फटीत थंड राही. साध्या इंजिनाची शक्ती केवळ हेड बदलून वाढवण्याचे हे एक ठळक उदाहरण आहे.

चार झडपांची हेडे

शर्यतींच्या इंजिनांत त्यांनी प्रत्येक सिलिंडरला चार झडपा दिल्या. १९२१ मध्ये पुढे आलेल्या ट्रायंफच्या ४९९ घनसेंटिमीटर मोटारसायकलीत झडपांच्या दोन जोड्या एकमेकींशी काटकोन करून बसवल्या होत्या. १९२२ च्या आइल ऑफ मॅन येथील सीनियर टीटी शर्यतीत ही गाडी दुसरी आली. त्याच वर्षी त्यांनी व्हॉक्सहॉल कंपनीसाठी ३ लिटरचे शर्यतीचे इंजिन तयार केले. त्यातही हेडवर दोन कॅमशाफ्ट आणि दर सिलिंडरला चार झडपा होत्या.

चार झडपांची कल्पना त्यांची नव्हे. प्यूजोच्या शर्यती गाड्यांत ती १९१२ मध्येच आली होती. तरीही रिकार्डो यांच्या इंजिनांमधून तिच्यामागचे तर्क नीट दिसतात. मोठ्या झडपेऐवजी दोन लहान झडपा घेतल्या तर वायूला मिळणारी वाट मोठी होते. प्रत्येक झडप हलकी असल्याने वेगात ती कॅमची साथ सोडत नाही. तबकडीच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर कमी होते, म्हणून उष्णता लवकर बाहेर जाते. ठिणगीचा प्लगही मधोमध बसतो. झडप जेवढी मोठी तेवढी शक्ती अधिक, हा सुधारित इंजिने बांधणाऱ्यांत आजही आढळणारा समज या तर्कापुढे टिकत नाही. मोठी झडप जडही असते आणि तापतेही अधिक.

झडप की नळी

झडप बंद असताना तिची बरीचशी उष्णता कडेवाटे हेडमधील बैठकीत जाते, उरलेली दांडीवाटे मार्गदर्शक नळीत उतरते. दोन्ही वाटा अरुंद आहेत. त्यामुळे निष्कास झडप हा दहनकक्षातील सर्वांत तप्त भाग राहतो आणि ठोक्यांना निमंत्रण देतो. विमानाच्या इंजिनाकडून अधिक शक्ती हवी असेल तर ही झडपच काढून टाकावी, या निष्कर्षाला रिकार्डो १९२० च्या दशकात आले. त्यांनी एकेरी नळीची बर्ट–मॅककोलम रचना निवडली. तिच्यात सिलिंडर आणि पिस्टन यांच्यामध्ये एकच पातळ नळी वरखाली व थोडी आडवी फिरते आणि तिच्या खिडक्या योग्य वेळी उघडतात.

ब्रिस्टल कंपनीत रॉय फेडन यांनी ही कल्पना उचलली. पर्सियसनंतर आलेले १४ सिलिंडरांचे हर्क्युलीस इंजिन ५७,००० हून अधिक संख्येने बनले. फ्रँक हाफर्ड यांनी आखलेल्या २४ सिलिंडरांच्या नेपियर सेबरमध्येही हीच नळी होती. मात्र नळ्या अचूक गोल राहाव्यात म्हणून पोलाद, त्याची प्रक्रिया आणि घासकाम यांवर अनेक वर्षे खर्ची पडली. सेबरच्या नळ्यांनी तर ऐन युद्धकाळात मोठा त्रास दिला.

दरम्यान जुनी झडपही सुधारत होती. इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या सॅम हेरन यांनी झडपेची दांडी पोकळ ठेवून तिच्यात सोडियम भरण्याची युक्ती यशस्वी केली. सोडियम सुमारे ९८ अंश सेल्सियसला वितळतो आणि झडपेच्या हालचालीबरोबर उसळून तबकडीची उष्णता दांडीकडे वाहून नेतो. झडपांच्या कडांना स्टेलाइटसारख्या कठीण मिश्रधातूचा थर आला. १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळू लागल्यावर तप्त झडपेचा जाच आणखी कमी झाला. अशा झडपांच्या रोल्स-रॉइस मर्लिनने स्लीव्ह इंजिनांची बरोबरी सहज केली. रिकार्डो यांच्या इंधनसंशोधनाने त्यांच्याच स्लीव्ह झडपेची गरज कमी केली, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. युद्धानंतर जेट इंजिन आले आणि हा वाद मागे पडला.

आज शर्यतीच्या किंवा सुधारित हेडसाठी नव्या झडपा निवडताना हेच प्रश्न पुन्हा समोर येतात. निष्कास बाजूला उष्णता सोसणारे क्रोमियम-निकेलयुक्त ऑस्टेनाइटी पोलाद किंवा टर्बोच्या इंजिनात निकेलचे मिश्रधातू घेतात. मिश्रण आत घेणाऱ्या थंड बाजूला हलके टायटॅनियम चालते. बैठक अरुंद केली तर वायूची वाट सुधारते, पण उष्णतेची वाट आकसते. म्हणून निष्कास झडपेची बैठक अधिक रुंद ठेवतात. सोडियम भरलेली दांडी मात्र कापू नये, कारण पाण्याशी गाठ पडताच सोडियम पेट घेतो.

डीझेल, ग्रंथ व अखेरची वर्षे

१९३१ च्या सुमारास त्यांनी डीझेलसाठी ‘कॉमेट’ हा भोवरा-कक्ष आखला. तो प्रथम लंडनच्या बसगाड्यांत आणि नंतर जगभरच्या लहान डीझेल इंजिनांत वापरला गेला. वेगवान अंतर्ज्वलन इंजिनांवरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. १९२९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १९४४ मध्ये त्यांना रमफर्ड पदक मिळाले आणि १९४८ मध्ये सर हा किताब. ‘मेमरीज अँड मशीन्स’ हे आत्मचरित्र त्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शोरहॅमची प्रयोगशाळा त्यांच्याच नावाने पुढे चालू राहिली.