गदिमांचे देणे

बँकेत हयात गेल्याने कुणाचे देणे कधी फिटते, हे पाहायची मला सवयच जडली आहे. शेटफळ्यात १९१९ साली जन्मलेले ग. दि. माडगूळकर चित्रपटांमुळे कोल्हापूरला आणि पुढे पुण्यात आले. १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर त्यांचे गीतरामायण सुरू झाले. सुधीर फडक्यांच्या चालींवरची ५६ गीते अनेक गायकांनी गायिली. १९७७ साली गदिमा गेले. पण कायद्याने त्यांच्या शब्दांवरचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षे, म्हणजे २०३७ अखेरपर्यंत शाबूत आहे. हौशी मंडळाने श्रोत्यांना फुकट ऐकवले तर हरकत नाही. तिकीट लावले की परवानगी हवी. सभागृहाचे भाडे, तबलजीची बिदागी आपण चोख देतो. मग ज्याची गाणी निवडली, त्या कवीचेच खाते थकीत का?