कलेक्टरसाहेबांचे समीकरण

आमटीत विसरलेल्या डावाचा दांडा थोड्या वेळाने हाताला चटका देतो. ही उष्णता दांड्यातून किती वेगाने वर चढते, याचा नीट हिशेब मांडला तो एका सरकारी अधिकाऱ्याने, कचेरीच्या फायली उरकून. त्याचे नाव झोझेफ फूरिये.

१७६८ साली फ्रान्समधल्या ओसेर गावी एका शिंप्याच्या घरी तो जन्मला. लहानपणीच आईबाप गेले. राज्यक्रांतीत उतरला, १७९४ मध्ये तुरुंगात पडला. रोबेस्पिएरची सत्ता कोसळली आणि सुटला. १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला. परतल्यावर पॅरिसमध्ये शिकवावे एवढीच इच्छा होती, पण १८०२ मध्ये नेपोलियनने त्याला ग्रेनोबलला प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडचा कलेक्टर, करून धाडले. बदलीच्या हुकमाचे दुःख बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाला सांगायला नको!

तरी कामात कसूर नाही. बूर्ग्वँची दलदल उपसायला गावोगावची मनधरणी केली, ट्युरिनच्या रस्त्याचे काम पाहिले. उरल्या वेळात लोखंडी कडे तापवून थर्मामीटरची टिपणे काढली.

त्याची कल्पना सोपी आहे. एखाद्या जागेचे तापमान आजूबाजूच्या सरासरीहून जितके कमी, तितक्या वेगाने ते चढते. जास्त असेल तर उतरते. तापमान जागेगणिक बदलते आणि वेळेगणिकही. हे दोन्ही बदल एकत्र बांधणारे समीकरण 'आंशिक अवकल' जातीचे. (शेअरबाजारातल्या ऑप्शनची किंमत काढणारे १९७३ चे ब्लॅक-शोल्स समीकरण थोडी उलथापालथ केली की हेच निघते. मला हे निवृत्तीनंतर कळले.) ते सोडवताना फूरियेने धाडसी दावा केला: सुरुवातीचे तापमान कितीही वेडेवाकडे असो, साध्या तरंगांची बेरीज करून ते मांडता येते.

डिसेंबर १८०७ मध्ये निबंध पॅरिसच्या इन्स्टिट्यूटपुढे गेला. परीक्षकांत लाग्रांज होते. त्यांच्याच वर्गात फूरिये बसला होता. त्यांना ही बेरीज पटेना. गुरूने नाकारलेले काम फडताळात टाकून देणे सोपे. फूरियेने तसे केले नाही. १८११ मध्ये तेच वाढवून स्पर्धेला धाडले. बक्षीस मिळाले, पण काटेकोरपणा उणा असा शेरा मारून, छपाई नाहीच. शेरा खोटा नव्हता, हेही मान्य करायला हवे. पक्की सिद्धता डीरिक्लेने १८२९ मध्ये दिली.

१८१५ मध्ये नेपोलियनबरोबर कलेक्टरीही गेली. १८२२ मध्ये त्याचा उष्णतेवरचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी तो अकादमीचा कायम सचिव झाला. इजिप्तहून आल्यापासून त्याला गारवा सोसत नसे. खोल्या तापवून, जाड कपड्यांत गुरफटून बसे. १८३० मध्ये तो वारला.

सचिवाच्या खुर्चीत बसल्यावर एक काम मात्र त्याने आठवणीने केले होते. १८११ चा तो निबंध अकादमीच्या खंडांत छापून घेतला. लाग्रांज ते पाहायला नव्हते. ते १८१३ मध्येच गेले होते.