विश्लेषण : पाण्याचा तळ आवाजाने मोजता येतो, तो कुणामुळे?

उन्हाळा आला की धरणांतील पाणीसाठ्याचे टक्के रोजच्या बातम्यांत झळकतात. पण तळाशी गाळ किती साचला, म्हणजे धरणात मुळात पाणी मावते किती, हे काठावरून दिसत नाही. त्यासाठी बोटीवरून सोनार यंत्राद्वारे आवाज तळाकडे सोडतात. प्रतिध्वनी परतायला किती वेळ लागला, त्यावरून खोली काढतात. या हिशेबाला एक आकडा हवाच : पाण्यातील आवाजाचा वेग. तलावात तो नेमकेपणाने मोजला जाँ-डॅनियल कोलाडोन यांनी, १८२६ मध्ये. तेव्हा ते अवघे २३ वर्षांचे होते.

कोण होते कोलाडोन?

जन्म १५ डिसेंबर १८०२, स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा. शिक्षण वकिलीचे, ओढा मात्र भौतिकशास्त्राकडे. द्रवपदार्थ दाबाखाली किती आकुंचन पावतात, या विषयावर पॅरिसच्या विज्ञान अकादमीने पारितोषिक जाहीर केले होते. कोलाडोन आणि त्यांचे मित्र चार्ल्स स्टर्म यांनी त्यासाठी प्रयोग सुरू केले. इंजिनीअरिंगच्या गणितात ‘स्टर्म-लिऊव्हिल’ हे नाव येते, तेच हे स्टर्म. प्रयोगादरम्यान कोलाडोन यांच्या हाताला गंभीर इजा झाली. पहिल्या प्रयत्नात पारितोषिकही मिळाले नाही.

पुन्हा प्रयत्न करताना आपल्या मोजमापाचा पडताळा त्यांना हवा होता. पाणी किती दाबले जाते, यावरून त्यातील आवाजाचा वेग गणिताने काढता येतो. तोच वेग प्रत्यक्ष मोजला आणि दोन्ही आकडे जुळले, तर काम पक्के. त्यासाठी कोलाडोन जिनिव्हा सरोवरावर परतले.

प्रयोग कसा केला?

सरोवराच्या उत्तर काठावर रोल आणि दक्षिण काठावर तोनों ही गावे. त्यांच्या बाजूला दोन बोटी, मधले अंतर १३,४८७ मीटर. एका बोटीखाली पाण्यात घंटा टांगलेली. तिच्यावर हातोडा पडला की त्याच दांड्याने बोटीवरची बंदुकीची दारू पेटायची. हा उजेड पलीकडे दिसावा म्हणून प्रयोग रात्री केले.

दुसऱ्या बोटीत कोलाडोन. दूरवरून तिरका येणारा आवाज पाण्याबाहेर जवळजवळ पडत नाही, पृष्ठभागावरून पुन्हा पाण्यातच वळतो. म्हणून त्यांनी पत्र्याची लांब नळी पाण्यात बुडवली आणि वरच्या टोकाला कान लावला. उजेड दिसताच घड्याळ सुरू, आवाज ऐकू येताच बंद. वेळ भरली सुमारे ९.४ सेकंद.

म्हणजे वेग सेकंदाला सुमारे १,४३५ मीटर, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. पाण्याचे तापमान होते ८.१ अंश सेल्सिअस. आजच्या सूत्राने त्या तापमानाला सुमारे १,४३९ मीटर येतात. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी! गणित आणि मोजमाप जुळले. १८२७ मध्ये दोघांना अकादमीचे पारितोषिक मिळाले.

मग तळ तेव्हाच का मोजता आला नाही?

कारण वेळ. या सरोवराची कमाल खोली सुमारे ३१० मीटर. आवाज तळाला लागून परत यायला अर्धा सेकंदही लागत नाही. हाताने चालू-बंद करायच्या घड्याळात पाव सेकंदाची चूक सहज होते, आणि तेवढ्या चुकीने खोली जवळपास १८० मीटरनी चुकते. साडेतेरा किलोमीटरच्या अंतरात तीच चूक फार लहान ठरते. म्हणून वेग मोजता आला, तरी तळ मोजायला दोरी आणि वजन हेच साधन राहिले.

कोलाडोन पुढे पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेत आणि नंतर जिनिव्हात प्राध्यापक झाले. वाकणाऱ्या पाण्याच्या धारेतून प्रकाश धारेसोबत वळतो, हे त्यांनी १८४१ मध्ये दाखवले. ऑप्टिकल फायबरमागचे तत्त्व तेच. त्याचे श्रेय मात्र दीर्घकाळ जॉन टिंडल यांना दिले गेले. आल्प्समधील गोथार्ड रेल्वे बोगद्याच्या कामात, जिथे दाबाखालच्या हवेवर ड्रिल चालत, ते सल्लागार अभियंता होते. १८९३ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर पाण्यातील प्रतिध्वनीच्या संशोधनाला वेग आला. पहिल्या महायुद्धात पॉल लँजेव्हिन यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकातून अतिउच्च कंपनांचा आवाज पाण्यात सोडला. सेकंदाचा सूक्ष्म भाग मोजणारी यंत्रे आल्यावर कोलाडोन यांचा आकडा खोली सांगू लागला.

आज त्याचे महत्त्व काय?

हा आकडा सगळीकडे सारखा नसतो. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात वेग सुमारे १,४९७ मीटर असतो. तिथे जिनिव्हाच्या थंड पाण्यातला १,४३५ वापरला, तर ३० मीटर खोल तळ सव्वा मीटर उथळ दिसेल. म्हणजे प्रत्यक्षात नसलेला सव्वा मीटर गाळ कागदावर येईल. म्हणूनच सर्वेक्षणाच्या दिवशी आधी त्याच पाण्यातला आवाजाचा वेग तपासतात, मग तळाची मोजणी सुरू होते. कोलाडोन यांनीही आपल्या आकड्यासोबत पाण्याचे तापमान नोंदवले होते. त्यामुळेच दोनशे वर्षांनंतरही तो पडताळून पाहता येतो.